‘नंतर या’ म्हणजे नेमके कधी? साथीच्या काळात कॅन्सरच्या उपचाराचा निर्णय कसा होतो

२०२० च्या उन्हाळ्यात कॅन्सरच्या कितीतरी रुग्णांनी एकच वाक्य ऐकले : ‘आता नको, कोरोना कमी झाला की या.’ कुणाला ते डॉक्टरांनी सांगितले, कुणाला गेटवरच्या सुरक्षारक्षकाने, कुणाला शेजाऱ्यांनी. काहींनी तर ते स्वतःच स्वतःला सांगितले आणि घरी बसले. वाक्य तेच, पण त्याचे अर्थ वेगवेगळे. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून, कारण देऊन आणि पुढची तारीख लिहून सांगितलेले ‘नंतर’ हा उपचाराचाच एक भाग असतो. बाकीचे ‘नंतर’ म्हणजे उपचार नुसता लांबणे. घरात कॅन्सरचा रुग्ण असेल तर हा फरक ओळखता आला पाहिजे. साथ पुन्हा कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही, पण पूर, संप, बंद पडलेले मशीन अशा कारणांनी ‘नंतर या’ हे आजही ऐकावे लागते.

एरवी कॅन्सरचा उपचार ठरवताना डॉक्टर प्रामुख्याने दोन गोष्टी तोलतात. उपचाराने फायदा किती होईल आणि त्रास किती होईल. साथीत त्यात आणखी वजने पडतात. दवाखान्यात येण्या-जाण्यात संसर्ग होण्याची शक्यता किती? किमोने शरीराची प्रतिकारशक्ती उतरलेली असताना तो संसर्ग झाला तर काय होईल? ऑपरेशननंतर आयसीयूत खाट मिळेल का? रक्त मिळेल का? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नव्हता. आपल्याकडे रक्त मुख्यतः शिबिरांतून जमा होते. २०२० ची १४ एप्रिलची जयंती आपण सर्वांनी घराघरांत साजरी केली. त्या निमित्ताने दरवर्षी होणारी रक्तदान शिबिरे अनेक ठिकाणी होऊ शकली नाहीत. कॉलेजे आणि कचेऱ्याही बंद होत्या. ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला तर प्लेटलेट्स वारंवार लागतात आणि त्या जेमतेम पाच दिवस टिकतात.

आता मुख्य प्रश्न : कोणाला थांबवायचे आणि कोणाला नाही? कॅन्सर हा एक आजार नाही, अनेक आजारांना मिळून दिलेले ते एक नाव आहे, हे इथे कामाला येते. तीव्र स्वरूपाच्या ब्लड कॅन्सरमध्ये काही दिवसांचा उशीरही जिवावर बेततो, म्हणून तिथे थांबणे नाही. लहान मुलांच्या बहुतेक कॅन्सरमध्ये पूर्ण बरे होण्याची शक्यता मोठी असते, तिथेही थांबणे नाही. उलट प्रोस्टेटच्या कमी धोक्याच्या कॅन्सरमध्ये किंवा थायरॉईडच्या सावकाश वाढणाऱ्या गाठीत काही महिने लक्ष ठेवून थांबले तरी सहसा नुकसान होत नाही. तोंडाचा कॅन्सर मात्र थांबण्याच्या यादीत बसत नाही. तंबाखू, मशेरी, खर्रा यांमुळे हा आजार आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी माहीत आहे. गालातली गाठ आज काढता येण्याजोगी असते. दोन-तीन महिन्यांनी ती जबड्याच्या हाडात किंवा मानेतल्या गाठींत पोचलेली असू शकते, आणि मग ऑपरेशन मोठे होते किंवा हातातून जाते.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये प्रकरण अधिक बारीक आहे. तुकडा तपासणीच्या रिपोर्टवर ‘ईआर’ आणि ‘पीआर’ अशी दोन अक्षरे असतात. त्यापुढे पॉझिटिव्ह लिहिलेले असेल तर ती गाठ शरीरातल्या हार्मोनवर वाढते आणि हार्मोन रोखणाऱ्या गोळीने ती आटोक्यात ठेवता येते. अशा लहान गाठीच्या रुग्ण बाईला टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलची गोळी सुरू करून ऑपरेशन काही आठवडे पुढे नेणे शास्त्राला धरून होते. तिच्याच शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या रिपोर्टवर ईआर, पीआर आणि ‘हर-टू’ तिन्ही निगेटिव्ह असतील तर तिला ही गोळी लागू पडत नाही, आणि तिची गाठ वाढतेही वेगाने. तिला थांबवणे चूक ठरले असते. दोघींनाही ‘स्तनाचा कॅन्सर’च आहे. एकीला थांबवले आणि दुसरीला दाखल करून घेतले, की नातेवाइकांच्या मनात लगेच वशिल्याची शंका येते. ती प्रत्येक वेळी निराधार असते असे मी म्हणणार नाही, पण इथे कारण रिपोर्टमध्ये असते. तो वाचून दाखवा असे डॉक्टरांना सांगायला संकोच करू नये.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने मार्च २०२० मध्येच हा क्रम लिहून जाहीर केला. कोणते ऑपरेशन २४ तासांत, कोणते ७२ तासांत, कोणते ४ आठवड्यांत आणि कोणते १० ते १२ आठवडे पुढे नेता येईल, अशा पायऱ्या त्यात होत्या. किमोसाठी वेगळा क्रम होता : ज्यांना पूर्ण बरे करण्याची शक्यता ५० टक्क्यांहून जास्त, ते पहिले. असा नियम कठोर वाटतो, पण लिहिलेला नियम न लिहिलेल्या नियमापेक्षा बरा. तो वाचता येतो, त्यावर प्रश्न विचारता येतो. त्यात शेवटच्या पायरीवर ज्यांचा आजार बरा होणार नाही असे रुग्ण येतात. त्यांची किमो थांबली तर एकवेळ समजू शकते. दुखणे कमी करणारे मॉर्फिन मात्र कोणत्याही रांगेत मागे जाता कामा नये. वेदनेला साथ ओसरेपर्यंत थांब म्हणून सांगता येत नाही.

आपल्या मुंबईतल्या परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने लॉकडाऊनमध्ये उपचार बंद न करण्याचा निर्णय घेतला. त्याचे संचालक डॉ. सी. एस. प्रमेश आणि टाटा मेमोरियल सेंटरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. राजेंद्र बडवे यांनी २०२० मध्येच भारतातल्या कॅन्सर उपचारांची ही अडचण एका नामांकित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मांडली. हा निर्णय घेणे सोपे नव्हते. त्या वेळी हाती असलेली माहिती भीती वाढवणारी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कोरोनाच्या १,५९० रुग्णांपैकी १८ जणांना कॅन्सर होता किंवा आधी होऊन गेला होता, आणि त्या १८ पैकी ७ जण गंभीर झाले. इतरांमध्ये हे प्रमाण सुमारे ८ टक्के होते. जगभर त्यावरून इशारे निघाले. पण १८ ही संख्या किती छोटी आहे पाहा. एखाद्या चाळीच्या एका मजल्यावर याहून जास्त माणसे राहतात.

मे २०२० मध्ये ब्रिटनमधून ८०० रुग्णांची माहिती आली. कॅन्सर असताना कोरोना झालेल्यांपैकी २८ टक्के दगावले. आकडा मोठाच आहे. पण ज्यांनी आधीच्या चार आठवड्यांत किमो घेतली होती आणि ज्यांनी घेतली नव्हती, त्यांच्यात मृत्यूच्या बाबतीत ठळक फरक आढळला नाही. वय आणि इतर आजार यांचा परिणाम जास्त होता. टाटामध्ये किमो किंवा तत्सम औषधे चालू असताना कोरोना झालेल्या २३० रुग्णांची नोंद पुढे प्रसिद्ध झाली. त्यात महिनाभरात दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. म्हणजे ‘किमो घेतली की कोरोनात गेलाच’ ही जी समजूत वस्तीवस्तीत पसरली होती, तिला आधार उरला नाही. निर्णय बदलले ते अशा माहितीमुळे. मार्चमध्ये एक सांगितले आणि जूनमध्ये दुसरेच सांगितले म्हणून लोक डॉक्टरांवर चिडले. पण नवीन पुरावा आल्यावर मत न बदलणारा डॉक्टर जास्त धोक्याचा.

ऑपरेशनबाबतही असेच घडले. मे २०२० मध्ये अनेक देशांतून एकत्र केलेल्या माहितीत दिसले, की ऑपरेशनच्या आगेमागे कोरोना झालेल्या रुग्णांपैकी जवळपास २४ टक्के महिनाभरात दगावले. त्यात तातडीची ऑपरेशने बरीच होती. टाटामध्ये २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, म्हणजे ऐन लॉकडाऊनमध्ये, आधी ठरवून केलेली ४९४ ऑपरेशने झाली. त्यांपैकी एकही रुग्ण ऑपरेशननंतर दगावला नाही. सहा जणांना नंतर कोरोना आढळला, तेही बरे झाले. यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी : बहुतेक रुग्ण तुलनेने कमी वयाचे आणि इतर आजार नसलेले होते. निवड करूनच ऑपरेशने झाली होती. निर्णय नीट घेतला तर काय साधते, हे त्यातून दिसते. पुढे २०२१ मध्ये आणखी मोठ्या अभ्यासातून असे निघाले, की कोरोना होऊन गेल्यावर ठरवून करायचे ऑपरेशन शक्य असल्यास सात आठवडे थांबून करावे. वेगाने वाढणाऱ्या कॅन्सरमध्ये हे सात आठवडेही पुन्हा तोलावेच लागतात.

थांबण्याची किंमत किती असते, हे नोव्हेंबर २०२० मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने मोजले. अनेक वर्षांचे, अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून त्यांनी पाहिले, की कॅन्सरचे ऑपरेशन दर चार आठवड्यांनी लांबले की मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. याचा अर्थ शंभरातले ६ ते ८ जण जास्त दगावतात असा नाही. शंभरातल्या २० जणांना धोका असेल तर तो साधारण २१ ते २२ जणांवर जातो. वाचायला थोडे वाटते. पण हे दर चार आठवड्यांचे गणित आहे, आणि काहींचा उपचार चार-पाच महिने लांबला होता.

थांबवणे किंवा चालू ठेवणे, एवढे दोनच पर्याय होते असेही नाही. बराचसा शहाणपणा फेऱ्या कमी करण्यात होता. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक’ म्हणतात, ते तीन आठवडे रोज घ्यावे लागे. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या चार हजारांवर रुग्णांचा पाच वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला : सुरुवातीच्या अवस्थेतल्या आजारात १५ ऐवजी ५ दिवसांत दिलेला शेकही तितकाच उपयोगी ठरला. पंधरा फेऱ्यांच्या पाच झाल्या. दर आठवड्याची किमो काहींना तीन आठवड्यांनी एकदा दिली गेली. सलाईनमधून द्यायच्या काही औषधांऐवजी गोळ्या दिल्या. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या रुग्णांसाठी टाटाच्याच डॉक्टरांनी घरी घेता येतील अशा स्वस्त गोळ्यांची चाचणी केली होती. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले, आणि त्या गोळ्या सलाईनच्या सिस्प्लॅटिनपेक्षा कमी ठरल्या नाहीत. हे उपाय सगळेच कोरोनामुळे शोधले गेले असे नाही. काहींवर आधीपासून काम चालू होते. साथीने ते स्वीकारायला भाग पाडले. दोन दिवसांची मजुरी बुडवून तालुक्याहून येणाऱ्या माणसाला पाच फेऱ्यांचा उपचार साथ नसतानाही हवाच होता!

काही ठिकाणी मात्र काटछाट चालत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन आणि किमो मिळून सगळा उपचार आठ आठवड्यांच्या, म्हणजे ५६ दिवसांच्या आत पूर्ण व्हावा लागतो. मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. म्हणून अशा रुग्णाला अर्ध्यावर कोरोना झाला आणि तब्येत बरी असली, तर काही केंद्रांनी शेवटच्या पाळीत, वेगळ्या वाटेने आणून, मशीन पुसून घेत उपचार पूर्ण केला. उपचार सुरू झाल्यावर ‘जरा गावी जाऊन येतो’ असे या आजारात कधीच करू नये.

तापाबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यात जीव गेले असतील अशी मला भीती आहे. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप कमी होतात. त्या वेळी १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर ती तातडीची बाब असते. शिरेतून प्रतिजैविक शक्य तितक्या लवकर, तासाभरात सुरू व्हावे लागते. कोरोनाच्या काळात ‘ताप’ या शब्दाचीच दहशत होती. ताप सांगितला तर विलगीकरणात नेतील, अख्खी चाळ सील करतील, म्हणून घरोघरी पॅरासिटामॉल देऊन ताप दडवला गेला. दुसरीकडे, ताप म्हटला की रुग्णाला कोरोनाच्या रांगेत उभे केले आणि चाचणीचा निकाल येईपर्यंत प्रतिजैविक दिलेच नाही, असेही झाले. दोन्ही चुकीचे. चाचणी आणि प्रतिजैविक ही दोन्ही एकाच वेळी सुरू होऊ शकतात. किमो चालू असलेल्या रुग्णाने ताप आल्यावर दवाखान्यात पाऊल ठेवताच पहिले वाक्य हेच बोलावे : ‘मला अमुक तारखेला किमो झाली आहे.’ किमोची तारीख आणि औषधांची नावे लिहिलेला कागद खिशात ठेवावा. घरात थर्मामीटर असावा.

आतापर्यंत सांगितले ते डॉक्टरांनी घेतलेल्या निर्णयांबद्दल. पण सर्वांत मोठ्या संख्येने जे रुग्ण राहून गेले, त्यांच्याबद्दल कुणी निर्णय घेतलाच नव्हता. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १ मार्च ते ३१ मे या तीन महिन्यांत २०१९ साली तिथे १,१२,२७० नव्या रुग्णांची नोंद झाली होती. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ती ५१,७६० झाली. मोठी ऑपरेशने १७,१२० वरून ८,६७७ वर आली. रेडिएशन मात्र २३ टक्क्यांनीच घटले, कारण ते बहुधा आधीच सुरू झालेल्या रुग्णांचे होते. नव्या रुग्णांचा अर्धाअधिक आकडा गेला कुठे? कॅन्सर काही त्या तीन महिन्यांत कमी झाला नव्हता. ही माणसे घरी होती. कुणाच्या स्तनात गाठ होती, कुणाच्या गालात न भरणारा व्रण होता, आणि कोणत्याही डॉक्टरने त्यांचा कागद पाहिलेला नव्हता.

त्यांना कोणी अडवले? लोकल २३ मार्चपासून बंद होत्या. एसटी बंद होती, लांब पल्ल्याच्या गाड्या बंद. १५ जूनपासून लोकल सुरू झाली तीही अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठीच. कॅन्सरच्या रुग्णांना तिच्यातून प्रवासाची परवानगी नंतर मिळाली. कल्याण-अंबरनाथहून परळला खासगी गाडी करायची तर एका फेरीला कित्येक दिवसांची मजुरी जाते, आणि मजुरी तर बंदच होती. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांमुळे बाहेरगावच्या रुग्णांना मुंबईत टेकायला आसरा असतो, पण तिथपर्यंत पोचायचे कसे? ब्रिटनच्या यादीत कुठेही रुग्णाची कमाई लिहिलेली नव्हती, तशी ती आपल्या कोणत्या रुग्णालयाच्या यादीतही नव्हती. तरी गाडी असलेला माणूस तपासणीला पोचला आणि नसलेला राहिला. वैद्यकाच्या तराजूत न आलेले हे वजन सर्वांत जड निघाले.

यावर काही उत्तरे तेव्हाच सापडली होती. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने फोनवरून आणि व्हिडिओवरून तपासण्याचे नियम काढले. त्यामुळे नुसत्या फेरतपासणीच्या रुग्णांना लांबून यावे लागले नाही. निदान आणि उपचाराची आखणी मोठ्या केंद्राने करायची आणि किमो जवळच्या केंद्रात द्यायची, हाही मार्ग आहे. नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय अशी केंद्रे मुंबईबाहेर आहेतच. ‘हा उपचार माझ्या जिल्ह्याजवळ होईल का?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. कारण तो साथ नसतानाही पैसे वाचवतो.

तेव्हा ‘नंतर या’ असे सांगितले गेले, तर उठण्याआधी काही गोष्टी नक्की करून घ्याव्यात. हे कोणी ठरवले, एका डॉक्टरने की सर्जन, किमोचे डॉक्टर आणि रेडिएशनचे डॉक्टर अशा सर्वांनी मिळून? मोठ्या केंद्रात ही चर्चा ‘ट्यूमर बोर्ड’मध्ये होते आणि तिचा निष्कर्ष केसपेपरवर लिहिला जातो. थांबल्याने माझे किती नुकसान होईल? थांबेपर्यंत कोणती गोळी किंवा इंजेक्शन चालू राहील? कोणते लक्षण दिसले की तारखेची वाट न पाहता यायचे? आणि पुढची तारीख कोणती? ती केसपेपरवर लिहून घ्यावी. तोंडी तारखेला अर्थ नसतो. तुकड्याचा रिपोर्ट, स्कॅन आणि केसपेपर यांचे फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवावेत. ज्यांना इंग्रजी रिपोर्ट वाचता येत नाही अशा शेजाऱ्यांना कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी मदत करावी, पण अर्थ डॉक्टरांकडूनच विचारून घ्यावा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात. मे २०२० मध्ये राज्य सरकारने ही योजना साथीच्या काळात सर्व रहिवाशांना खुली केली होती. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. एखादा उपचार पुढे ढकलला आणि त्याची मंजुरी आधीच मिळालेली असेल, तर ती नव्या तारखेलाही चालेल का, हे त्याच दिवशी त्याच्याकडून विचारून घ्यावे.

आणि ज्यांचे निदानच झालेले नाही त्यांनी तर कुणाच्या ‘नंतर’वर थांबूच नये. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, स्तनात गाठ लागली, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात त्या आठवड्यातच दाखवावे. थांबायचे की नाही, हे तुकड्याचा रिपोर्ट हातात आल्यावर ठरेल.